गावाने ठरवायचे : सिंधुदुर्गातील लोकनियोजनाचा मागोवा

गावाचे पुढचे दिवस कसे जावेत हे गावाने एकत्र बसून ठरवण्याची रीत दक्षिण कोकणात ग्रामपंचायतीच्या कायद्याहून बरीच जुनी आहे. मालवण, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले या भागांत तिला गावऱ्हाटी म्हणतात. ग्रामदेवतेचे देऊळ हे तिचे केंद्र. गावची पहिली वस्ती करणाऱ्या घराण्यांतले गावकर, आणि परब, राऊळ, घाडी, गुरव असे आपापल्या कामाचे मानकरी मिळून गावाचा कारभार पाहत. जत्रा कधी भरवायची, रोगराई आली तर काय करायचे, दोन वाड्यांतला तंटा कसा मिटवायचा, असे प्रश्न देवळाच्या सभामंडपात निघत. देवापुढे गाऱ्हाणे घातले जाई, जमलेली मंडळी 'व्हय महाराजा' म्हणून त्याला दुजोरा देत आणि मग कौल लावला जाई. पाषाणावर लावलेली कळी किंवा तांदूळ उजवीकडून पडला की डावीकडून, यावर होकार-नकार ठरे.

या रीतीकडे केवळ श्रद्धा म्हणून पाहिले तर तिच्यातला कारभार नजरेआड होतो. कौल लावण्याआधी कोणता प्रश्न देवापुढे ठेवायचा यावर मानकऱ्यांचे एकमत व्हावे लागे. त्यासाठी चर्चा होई, रुसवेफुगवे निघत, काही वेळा बैठक मोडून पुन्हा बसवावी लागे. एकदा कौल झाला की तो साऱ्या गावाला बांधील असे. कारण ठरवताना सारे समोर असत आणि मागाहून 'आम्हाला माहीतच नव्हते' म्हणायला कोणाला जागा उरत नसे.

मालवण तालुक्यातल्या आचरे गावची गावपळण हे या शिस्तीचे सर्वांत ठळक उदाहरण. दर तीन ते पाच वर्षांनी श्रीदेव रामेश्वराचा कौल झाला की सगळे गाव, गुरेढोरे, कुत्री-मांजरे, कोंबड्या यांच्यासह वेशीबाहेर जाते आणि तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत काढते. मुसलमान कुटुंबेही तितक्याच आपलेपणाने बाहेर पडतात. परतायचे कधी, तेही पुन्हा कौल घेऊनच ठरते. चिंदर, वायंगणी या शेजारच्या गावांतही ही प्रथा आहे. हजारो माणसांनी घरेदारे सोडून एकाच वेळी बाहेर पडणे, माळावर पाणी, चूल, आजारी माणसे आणि लहान मुले यांची सोय लावणे, आणि हे सारे सरकारी आदेशाशिवाय पार पाडणे ही साधी गोष्ट नाही. मुलांना या तीन दिवसांत गाव नावाची वस्तू पहिल्यांदा अखंड दिसते. एरवी ती आपापल्या वाडीत वाढतात.

मात्र गावऱ्हाटीत गाव म्हणजे सारी माणसे नव्हती. मान घराण्यांचा होता, तो वडिलांकडून थोरल्या मुलाकडे जाई. बायकांना तिथे मत नव्हते, दलितांना देवळाच्या पायरीवरही जागा नव्हती, आणि तरुणांनी बोलायचे ते बाप हयात नसेल तेव्हाच. नियोजनाची ही परंपरा आज गौरवाने सांगताना तिची ही बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे घडले ते बरेचसे या बंद दारांवर पडलेल्या थापांमुळे घडले.

किनाऱ्यावर गावऱ्हाटीच्या जोडीला दुसरी एक व्यवस्था होती, ती रापणीची. होडीतून अर्धवर्तुळात सोडलेले लांबलचक जाळे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचे, हे पंचवीस-तीस किंवा त्याहून अधिक माणसांचे काम. प्रत्येक रापणीची किनाऱ्यावरची जागा आणि पाळी ठरलेली असे. जाळ्याचा, होडीचा आणि अंगमेहनतीचा वाटा वेगवेगळा निघे. जाळे ओढायला आलेल्या पोरालाही वाटा मिळे, म्हणून रापणीच्या बैठकीत त्याचा आवाज देवळापेक्षा लवकर ऐकू येई. समुद्र कोणाच्या मालकीचा नसताना त्याचा वापर कसा करायचा, याचे नियम मालवण, देवबाग, तारकर्ली, वायरी, आचरे या गावांतल्या मच्छीमारांनी स्वतः घालून घेतले होते. पुढे याच समुद्राचे नियोजन सरकारने हाती घेतले, तेव्हा या नियमांची दखल कोणी घेतली नाही.

मालवण १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे आले. सावंतवाडी संस्थान राहिले. वेंगुर्ल्यात १८७६ मध्ये नगरपालिका झाली. बंदरावरचा व्यापार, दिवाबत्ती, गटारे आणि साथीचे रोग हे तिच्यापुढचे विषय होते. पण मताचा अधिकार कर भरणाऱ्या थोड्यांपुरताच असल्याने शहराचे भवितव्य व्यापारी, वकील आणि जमीनदार यांच्याच हाती राहिले. खेड्यांत खोती होती. १९४९ च्या कायद्याने ती गेली आणि कूळकायदाही लागू झाला, तेव्हा कसणाऱ्याला पहिल्यांदा स्वतःच्या जमिनीविषयी बोलण्याचा हक्क मिळाला. पण सातबारावर एकेका जमिनीला वीस-वीस, तीस-तीस नावे लागली. सामाईक जमिनीचा हा गुंता सिंधुदुर्गातल्या प्रत्येक योजनेच्या वाटेत येतो, कारण संमती घ्यायची म्हटली तर निम्मे हिस्सेदार मुंबईत असतात.

मुंबईची ही गोष्ट बाजूला ठेवून इथल्या तरुणांचा इतिहास सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या उभ्या राहिल्या आणि मालवणी मुलुखातला तरुण बोटीने मुंबईला जाऊ लागला. लालबाग, परळ, गिरगाव या भागांतल्या खोल्यांत गावोगावची मंडळे स्थापन झाली. शाळेची इमारत, देवळाचा जीर्णोद्धार, विहीर, पाणंद यांसाठी वर्गणी तिथे जमे आणि गावात काय व्हावे तेही बरेचदा तिथेच ठरे. मालवणच्या टोपीवाला हायस्कूलला ज्यांचे नाव आहे ते अनंत शिवाजी देसाई हे मुंबईत व्यापार करून नाव कमावलेले गृहस्थ. मनीऑर्डरीवर चालणाऱ्या या मुलुखात पैसे पाठवणाऱ्याचे मत वजनदार होते. पण चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येई, चार दिवस गावाच्या सुधारणेविषयी तळमळीने बोले आणि परत जाई. रोजचे जगणे म्हातारी माणसे आणि बायका यांच्या वाट्याला राही. ज्यांना गाव जगायचे होते त्यांना ठरवता येत नव्हते आणि ज्यांना ठरवता येत होते त्यांना तिथे राहायचे नव्हते, ही फूट तेव्हा पडली.

तरुणांना गावातच काम देणारा पहिला मोठा प्रयत्न स्वातंत्र्यलढ्यातून आला. मे १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला आणि कोकणातले व बाहेरचे स्वयंसेवक तिथल्या मिठागरांवर उतरले. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला. भंगीमुक्ती, मैल्यापासून खत, स्वस्त संडास, गोबर गॅस, चर्मोद्योग हे तिथले विषय. उच्चवर्णीय तरुणांनी स्वतः मैला उचलावा, असा अप्पांचा आग्रह होता. गावचे नियोजन घाणीपासून सुरू होते, ही त्यांची धारणा त्या काळात अनेकांना विक्षिप्त वाटली. सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या जिल्ह्यांची स्वच्छतेची क्रमवारी जाहीर केली, तेव्हा मैदानी भागात सिंधुदुर्ग पहिला आणि डोंगरी भागात हिमाचलातला मंडी पहिला होता. या यशामागे ग्रामस्वच्छता अभियानातले सरपंच, शिक्षक, बचतगट आणि शाळकरी मुले होतीच, पण जमीन अप्पांच्या पिढीने नांगरून ठेवली होती.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी ही जुनी शहरे असतानाही जिल्ह्याचे ठाणे ओरोसच्या माळावर नव्याने वसवायचे ठरले आणि त्याला सिंधुदुर्गनगरी हे नाव मिळाले. कोऱ्या कागदावर आखलेले जिल्ह्यातले हे एकमेव शहर. कचेऱ्या, निवासस्थाने, रस्ते सारे आराखड्याबरहुकूम झाले, पण बाजार, देऊळ, बंदर यांच्याभोवती जशी वस्ती वाढते तशी ती इथे वाढली नाही. कचेऱ्या सुटल्या की रस्ते रिकामे होतात आणि लोक या जागेला अजून ओरोसच म्हणतात. याच्या उलट अनुभव १९९० पासूनच्या फळबाग लागवड योजनेचा. रोजगार हमीशी जोडलेल्या या योजनेत झाड कोणते, जमीन कोणती हे शेतकऱ्याने ठरवायचे होते. कातळावर आणि वरकस जमिनीत हापूस आणि वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातल्या काजूच्या जाती लागल्या. सरकारी योजनेने कोकणचे रूप इतके बदलल्याचे दुसरे उदाहरण सापडत नाही.

समुद्राच्या बाबतीत मात्र उलटे घडले. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला सुमारे ३ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरातला. प्रवाळ, शेवाळ, मासे, शिंपले यांनी समृद्ध असा हा तुकडा जपायला हवा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नव्हते. पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांना आधी विचारले गेले नाही. हद्दी कागदावर आखल्या गेल्या. पाण्यात त्या कुठून जातात हे होडीतल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. वन्यजीव कायदा लागू झाला म्हणजे उद्या जाळे टाकणेही गुन्हा ठरेल, ही भीती घरोघर पसरली आणि अभयारण्याला विरोध हाच मालवणच्या राजकारणातला कायमचा मुद्दा झाला. परिणाम दोन्ही बाजूंनी वाईट. मच्छीमारांचा विश्वास गेला आणि अभयारण्याचे व्यवस्थापन वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. नेमके त्याच काळात पर्ससीन जाळी आणि परराज्यांतल्या मोठ्या ट्रॉलरांनी मासा खरवडून नेला. त्यांना रोखण्याची मागणी पारंपरिक मच्छीमारच करत होते. समुद्र राखण्यासाठी सरकारला हवा असलेला मित्र किनाऱ्यावर उभा होता आणि त्यालाच आरोपी ठरवले गेले. पर्ससीनवर कडक बंधने घालणारा आदेश राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये काढला. तोपर्यंत मालवणच्या रापणकरांची एक पिढी आंदोलनात म्हातारी झाली होती.

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मालवण आणि आचरे यांना अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत घातले. या क्षेत्रांचे व्यवस्थापन मच्छीमारांसह स्थानिक समाजाच्या सहभागाने व्हावे, असे त्या अधिसूचनेतच लिहिले होते. वाक्य चांगले होते, पण १९८७ चा अनुभव ताजा असल्याने लोकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी प्रकल्प सुरू झाला, आणि राज्याच्या कांदळवन कक्षाने तो पुढे नेला. त्याची सुरुवात बंदीऐवजी उपजीविकेपासून झाली. ट्रॉलच्या जाळ्याला चौकोनी आसाचा भाग जोडून लहान मासे सुटू देणे, खेकडे व कालवे यांची शेती, कासवांच्या अंड्यांची राखण, खाडीतली सफर अशी कामे गावांपुढे ठेवली गेली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायकांनी कांदळवन सफर सुरू केली. मासे विकणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना तिवराच्या जाती समजावून सांगू लागल्या. ज्या बायकांना गावऱ्हाटीत मत नव्हते त्यांनी खाडीचा वापर कसा व्हावा हे करून दाखवले.

जमिनीवरचे नियोजन १९९७ नंतर पर्यटनाभोवती फिरू लागले. त्या वर्षी सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. किनाऱ्यावरच्या घरांतल्या खोल्या पाहुण्यांना देणे, मालवणी जेवण, होडीची फेरी हे पर्यटन लोकांनी आपल्या बळावर वाढवले. मोठे प्रकल्प अडले. वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी घेतलेल्या जमिनीचा वाद दशकानुदशके चालला. तोंडवळीच्या सी-वर्ल्ड या पर्यटन प्रकल्पाला जमीन देण्यास गावकऱ्यांनी विरोध केला आणि तो प्रकल्प आकार बदलत रखडला. कोकणी माणूस विकासविरोधी आहे, असे त्यावर मुंबईत बोलले गेले. पण त्याच गावांनी घरगुती पर्यटन हौसेने उचलले होते, हे लक्षात घेतले तर तो आरोप टिकत नाही. विरोध होता तो आधी नकाशा आणि मग सूचना, या क्रमाला.

या क्रमाविरुद्धची सर्वांत महत्त्वाची लढाई किनाऱ्यापासून थोडी आत, दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत झाली. कळणे इथल्या लोहखनिजाच्या खाणीसाठी २००८ मध्ये जनसुनावणी झाली. पर्यावरण परिणामांचा अहवाल आधी मराठीत उपलब्धच नव्हता. लोकांनी हरकत घेतल्यावर तो द्यावा लागला. सुनावणीत विरोध होऊनही खाण सुरू झाली. जुलै २०२१ मध्ये खाणीतले पाणी फुटून चिखल-माती गावात शिरली, तेव्हा त्या सुनावणीतले आक्षेप लोकांना आठवले.

दरम्यान, मार्च २०१० मध्ये केंद्राने डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसंस्था तज्ज्ञ समिती नेमली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतल्या खाणी, वीजप्रकल्प आणि प्रदूषणकारी उद्योग यांचा स्वतंत्र विचार करण्याचे कामही तिच्याकडे दिले गेले. समिती गावागावांत फिरली. २०११ च्या अहवालात नोंद आहे की सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी आपले गाव परिसंस्थेच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र व्हावे, असे ठराव केले. एवढ्या गावांनी स्वतःहून बंधने मागावीत, ही देशाच्या नियोजनाच्या इतिहासातली दुर्मीळ घटना आहे. या ठरावांमागची दृष्टी साधी होती. खाण आली तर झरे आटतील, बागायत जाईल, म्हणून ती नको. पण त्याबरोबर वनखात्याचा जाचही नको, नियम गावाने करायचे. अहवालाचा गाभाही तोच होता : मर्यादा दिल्लीने सुचवाव्यात, अंतिम निर्णय ग्रामसभांकडून यावा. पुढे केंद्रानेच नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने गावांच्या याद्या उपग्रहचित्रांच्या आधारे केल्या आणि ग्रामसभांचा क्रम पुन्हा शेवटी गेला. २०१४ ते २०२४ या काळात केंद्राने पश्चिम घाटाच्या अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातली वृक्षतोड २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला थांबवावी लागली. ग्रामसभेने सांगितलेली गोष्ट न्यायालयाच्या आदेशाने अंमलात यावी, हे लोकशाहीचे लांबलेले वळण आहे.

ग्रामसभेला हे बळ कायद्याने टप्प्याटप्प्याने मिळाले. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा होता, पण ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभा घटनेत आली. मताचे वय २१ वरून १८ करणारी दुरुस्ती १९८९ ची. ग्रामसभेचे सदस्यत्व मतदारयादीवर ठरते, म्हणून तीन वर्षांची तरुण फळी तेव्हा एकदम आत आली. ज्याचे नाव मुंबईच्या यादीत आहे तो चाकरमानी मात्र कायद्याने बाहेर राहिला. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद झाली, पंचायतींत महिलांना २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या, आणि चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट गावाला येऊ लागल्यावर 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात पंचायतीने स्वतःचा आराखडा करायचा असे ठरले. त्या प्रक्रियेत शाळकरी मुलांच्या बालसभेलाही जागा आहे. शाळेच्या वाटेवरचा साकव, मैदान, वाचनालय असे प्रश्न मुले थेट मांडतात. जिथे शिक्षक आणि ग्रामसेवक मन लावतात तिथे ही सभा खरी होते, इतरत्र सह्यांपुरती.

शहरांना हे मिळाले नाही. ७४ वी घटनादुरुस्ती प्रभाग समित्या सक्तीच्या करते ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कणकवली यांतले कोणतेही शहर त्याच्या जवळपासही नाही. राज्याने २००९ मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात केली, पण ती रुजली नाही. विकास आराखड्यात नागरिकाचा हक्क उरतो तो १९६६ च्या नगररचना कायद्याने दिलेल्या हरकती-सूचनांचा, म्हणजे नकाशा तयार झाल्यावरचा. तरीही बारा हजारांच्या आसपास वस्तीच्या वेंगुर्ल्याने वेगळी वाट काढली. २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने घरातच कचरा वेगळा करण्याची सवय लावली, ओल्या कचऱ्यापासून गॅस, प्लास्टिकचा रस्त्यांत वापर असे मार्ग काढले, आणि कचराभूमीची जागा लोक बघायला येतात असे स्थळ झाले. घरातल्या प्रत्येकाने रोज हात लावल्याशिवाय हे होत नाही. त्यामुळे शहरातल्या मुलांना नगरपालिका म्हणजे काय हे पुस्तकाआधी कचऱ्याच्या डब्यापाशी समजले.

तरुण मुळात इथे राहतात का, हा प्रश्न शिल्लक राहतो. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्य वाढत असताना हा जिल्हा घटला. मालवण, तारकर्ली आणि देवबाग इथे मच्छीमारांच्या मुलांनी स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचा व्यवसाय उभा केला. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आली, आणि समुद्राच्या तळाशी रोज उतरणारी एक पिढी तयार झाली. प्रवाळ कुठे मेला, नांगर कुठे टाकू नये, गर्दी कुठे झेपत नाही हे या मुलांना अधिकाऱ्यांआधी दिसते. ज्या अभयारण्याला त्यांच्या आजोबांनी विरोध केला, त्याच्या राखणीत आता त्यांचा थेट स्वार्थ आहे. मालवणचा पुढचा विकास आराखडा आखताना रापणकर, स्कूबावाली मुले, बचतगटांच्या बायका आणि हायस्कुलातली पोरे यांना पहिल्या रेघेआधी बोलवायला नगरपरिषदेला कोणताही कायदा आडवा येत नाही.